डोकी

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मला आत बोलावतात.
पुलाच्या अलीकडे, हायवेला लागून माझं दुकान,
त्याचं शटर ओढतो. पहिल्या फाटकात मोबाईल ठेवतो,
दुसऱ्यात पट्टा आणि चपला.
तिसऱ्यात हवालदार गांवस माझे खिसे उलटे करतो
आणि दरवेळी विचारतो, मुलगी कितवीत गेली?

वस्तरा न्यायचा नाही. कात्री एकच,
तिची टोकं त्यांनीच घासून बोथट केलेली.
जाताना मोजतात, येताना मोजतात:
एक. एक.

कडक पहाऱ्याच्या कोठड्यांतली माणसं एकेक करून आणतात.
स्टूल जमिनीत काँक्रीटने पक्कं केलेलं,
आरसा नाही.
सोळा वर्षं मी इथे आरशाशिवाय केस कापतोय,
कुणी म्हणत नाही, बाजूने जरा कमी कर.

बोलायचं नाही, असा नियम. पण बोटांना कळतंच.
डोकं शेवटी चिऱ्यासारखं, खळगे, उंचवटे.
जुनी खोक असते, लहानपणी काजूवरून पडल्याची,
तिथे केस उगवत नाहीत, कातडी गुळगुळीत.
आणि नवी असते.
नवी गरम लागते.

एक परदेशी होता, त्याचे केस माझ्या कंगव्याला ठाऊक नव्हते.
त्याने माझं मनगट धरून दाखवलं, कसं, कुठून.
गांवस ओरडला. त्याने मनगट सोडलं.
पुढच्या महिन्यात त्याचे दोन्ही अंगठे काळे होते.
दारात सापडले, म्हणाले.
लोखंडी दार आहे. सापडले असतील.

मिलाग्र शिवोलीचा. चार वर्षं झाली, खटला उभा राहत नाही,
तारखेला न्यायला कधी गाडी नसते, कधी शिपाई.
मानेवर कापड टाकलं तसा खाली बघतच पुटपुटला,
"दाव्या कानाफाटल्यान. हात घाल. याद दवर."
घातला.
सुपारीएवढं.
मी ट्रिमर चालूच ठेवला, नुसता, आवाजासाठी.

मागच्या महिन्यात साहेबांचा निरोप आला:
शनिवारी ये, पण कापू नको.
गुरुवारी न्यायाधीश येणार पाहणीला.
भिंतींना चुना लागला होता, संडासाला नवं दार,
आणि केस राहू देत थोडे,
"बरे दिसतात," साहेब म्हणाले.
रजिस्टरात एक्केचाळीस डोकी, खाली माझी सही,
डोक्यामागे पन्नास रुपये.
न कापलेल्या केसांचे.
घेतले. म्हापशाला जाऊन मुलीला दप्तर आणलं, निळं.

गुरुवारी एका नवरदेवाची दाढी करत होतो.
पांढऱ्या गाड्या गेल्या, तीन.
अर्ध्या तासात तिन्ही परत.
"सांभाळून हो," नवरदेव म्हणाला.
हनुवटीवर थेंब आला होता. तुरटी लावली.
इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं माझ्याकडून.

रात्री उधारीची वही काढली.
पोदेर, दाढी, चाळीस. मास्तर, केस आणि रंग, एकशे वीस.
त्याखाली तारीख घालून लिहिलं:
डावा कान, मागे. सुपारीएवढं. गरम.
अंगठे, दोन्ही.
नावं नाही लिहिली. भ्यालो.
मग मिलाग्रचं लिहिलं, पेन्सिलीने.
मुलगी खांद्यावरून वाकून म्हणाली,
बाबा, हे कुणाकडून यायचंय?
म्हटलं, झोप आता.

उद्या दुसरा शनिवार.
दोन महिन्यांचे केस असतील, दाट.
कात्री पुसून ठेवली आहे.
आणि जेवण झाल्यावर ओट्यावर बसून
मी दोन्ही हातांची नखं काढली, अगदी खोलवर,
बोटाचं टोक नीट टेकावं म्हणून.