निवासी क्षेत्र

अर्ज मीच लिहिला होता.
फुलस्केप कागद, निळं शाईपेन,
मुख्याधिकारी, डिचोली नगरपालिका, यांस सविनय
की आमच्या बोर्ड्यात, निवासी क्षेत्रात,
फटू च्यारी हा इसम राहत्या घराच्या पडवीत
दुचाक्या दुरुस्त करतो.

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.
आमच्या विहिरीवर सकाळी मोरपंखी साय धरायची,
कळशी बुडवली की फाटायची, पुन्हा जुळायची.
आईचा दुपारचा डोळा लागला रे लागला
की पलीकडे कुणाची तरी बुलेट घसा खाकरायची.
चवथीच्या आधी तर विचारू नका,
माटोळीचं सामान आणायला निघालेला अख्खा वाडा
त्याच्या दारात अडलेला,
आणि माझ्या फाटकासमोर अकरा स्कुटरी.
मोजल्या होत्या मी. अर्जात आकडा आहे.

एवढं मात्र लिहिलं नाही
की खाणी चालू होत्या तेव्हा तो
शिरगावच्या चढावर बंद पडलेल्या टिपरखाली
पाठीवर निजून लाल धूळ गिळायचा.
मग खाणी थांबल्या. टिपर जागच्या जागी गंजले,
भोपळ्याच्या वेली चढल्या त्यांच्यावर,
आणि तो पाने-पकडी गोणत्यात बांधून
घरी घेऊन आला.
अर्जात याला रकाना नसतो.

मिनेझिस निरीक्षक आले, टेप घेऊन.
पडवी मापली. तेलाचा डाग मापला.
टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हता,
तर ते फटूनेच धरलं.
"सरळ धर मरे," मिनेझिस म्हणाले.
त्याने सरळ धरलं.

सात दिवसांची नोटीस, मग कुलूप,
कुलपावर लाखेचा ठिपका.
विहिरीवरची साय जायला दोन महिने लागले.
आई झोपते आता, चार-चार वाजेपर्यंत.
बरं झालं. आजही म्हणते मी, बरं झालं.

परवा सोमवारी, पतपेढीत जायच्या घाईत,
माझी स्कुटर लागेना.
पदर खोचून अठरा किका.
वर्कशॉप आहे, व्हाळशीला,
पण दहाशिवाय उघडत नाही ते.
एकोणिसाव्या किकेला
चिऱ्यांच्या कुंपणापलीकडून आवाज आला,
"पुरो गो बाय. पेट्रोलात बुडलाय तो.
प्लग काढ."

माणूस दिसला नाही. दोरीवरचं बनियन दिसलं.
मी विचारलं, प्लग कुठे असतो?
चौदा वर्षं चालवते मी ही गाडी.

थोड्या वेळाने एक पाना
कुंपणावर येऊन बसला, कावळ्यासारखा.
"आधी टोपी ओढ. रबराची.
आता डावीकडे फिरव. जोर नको,
तो आपण होऊन सुटतो.
पूस. पदराला नको, कागद घे."
पर्समध्ये भरण्याचं चलान होतं, त्याला पुसला.
"बसव परत. मार कीक, ऐकू दे."

मारली.
"आणखी एक."
फणस तयार झाला की नाही ते
बोटाने टिचकी मारून ऐकतात ना,
तसा पलीकडे तो गप्प.
हात लावायला बंदी आहे त्याला.
कान लावण्याबद्दल नोटिशीत काही नव्हतं,
मी नंतर काढून वाचली.

गाडी एकदम धडाडली.
आतून आई ओरडली, "कोण गो तो?"
"मीच," म्हटलं.

दिवसभर पतपेढीत
ज्याच्या त्याच्या पासबुकावर
माझा अंगठा उमटत राहिला.
साबणाने जात नाही ते. रॉकेल लागतं,
हेही विचारायला हवं होतं.

निघताना पाना कुंपणावर ठेवला होता,
खाली पन्नासाची नोट.
संध्याकाळी पाना नव्हता.
नोट होती. तिच्यावर
चिऱ्याचा एक तुकडा ठेवलेला,
वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून.