एकशे आठ फरश्या

चौऱ्याऐंशी हप्ते झाले.
लेथ बंद करता करता मी तोंडी हिशेब मांडला:
विसातली सात वर्षं, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त.
स्वयंपाकघर सुटलं असणार, अर्धा हॉलही,
असं धरूनच उद्यमबागेतनं गाडी काढली.

तिसऱ्या गेटाजवळच्या शाखेत
हिरेमठ बाईंनी कागद काढून दिला.
म्हणाल्या, साल इन्नू भाळ ऐतरी.
आमच्यात साल म्हणजे वर्ष,
त्यांच्यात साल म्हणजे कर्ज.
जन्म इथं गेला, मला दोन्ही कळतात,
तरी कानावर पडलं ते वर्षच.

कन्नड मी फाडफाड बोलतो, वाचताना अडखळतो.
कागदावर झटकन लागला तो एकच शब्द: बाकी.
तो दोन्हीकडं बाकीच आहे.

चौदा लाख शहाऐंशी हजार दोनशे पंधरा, बाकी.
घेतले होते अठरा लाख.
भरले तेरा लाख साठ हजार तीनशे ऐंशी.
दोनदा वजा केलं,
तिसऱ्यांदा बाईंच्या कॅल्क्युलेटरवर.
फिटले तीन लाख तेरा हजार
सातशे पंच्याऐंशी.

शाफ्टवर दोन शतांश जास्त राहिले
तर माझा माल परत येतो.
आणि इथं साडेदहा लाखांना चार हजार कमी
एवढा फरक, आणि तो फरक नाहीच,
करारात लिहिलेला आहे,
खाली माझी सही, बावीस पानांवर बावीस वेळा.
पहिल्या हप्त्यात सोळा हजार एकशे पंच्याण्णव दिले,
साडेतेरा हजार व्याजात गेले.
त्या महिन्यात आम्ही पेढे वाटले होते.

अनगोळात घरी आलो तर मलप्रभा भाकरी थापत होती.
मी चपला न काढताच टेप घेतला.
घर सहाशे वीस फूट.
शेकडा सतरा पूर्णांक त्रेचाळीस.
एकशे आठ फूट.
खडू घेऊन दारापासनं सुरुवात केली.

काय मोजायलायसा?
आपलं झालेलं घर.
ती पिठाच्या हातानं बघत राहिली, मग म्हणाली,
दारापासनं धरलं तर आपण काय दारातच राहायचं?
गॅसपासनं धरा की.

कुठनं धरायचं हे बँकेनं कुठंच लिहिलेलं नाही.
गॅसपासनं धरलं.
नऊ बाय बारा. फुटाची एक फरशी,
जपमाळेइतक्या, एकशे आठ.
रेघ बरोबर स्वयंपाकघराच्या दारात आली,
एक फरशी इकडं नाही, एक तिकडं नाही.
मुलगी हॉलमध्ये अभ्यास करत होती.
म्हणाली, म्हणजे मी आता बँकेत बसले आहे?

आमच्या भागाला रेघांची सवय आहे.
माझ्या बापाच्या आधीपासनं एक आहे
ती तसूभर हललेली मी बघितली नाही.
ही हलते.
पहिल्या महिन्यात पुरती एक फरशीही मिळाली नव्हती,
आता पाच हजार अठ्ठेचाळीस मुद्दलात जातील,
म्हणजे पावणेदोन.
आणखी सात वर्षांनी घराचा मध्य ओलांडेल,
तेव्हा मुलगी पंचविशीची असेल
आणि कुठल्या गावात, कुणाला ठाऊक.

रात्री जेवायला तिघंही रेघेच्या आत बसलो.
कुणी ठरवलं नव्हतं.
भाजी जरा खारट झाली होती, मी बोललो नाही.
सकाळी मलप्रभानं फरशी पुसली,
रेघ गेली.

पाच तारखेला फोन वाजला. हप्ता वजा.
मी कामावर निघालो होतो.
तिनं पाण्याचा पिंप दोन्ही हातांनी धरला,
दारातनं ओढत हॉलमध्ये आणला,
दोन फरश्या.
म्हटलं, पावणेदोनच.
तर म्हणाली, राहू दे.
पाव उसनी.