पेवात उतरण्याआधी

हरिपुरात नेमगोंडा मामा पेव उघडायचे
आणि तोंडावरची माती सारून
दिवसभर नुसतेच बसायचे.
आत हवा कोंडलेली असते, घाई कुणाला आहे?
सांजेला दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे.
विझला, तर पुन्हा तंबाखू मळायची.
तेवत राहिला, तरच माणूस.

मी सत्तेचाळीस. हळदीच्या आडतीत हिशेबनीस.
पन्नाशीला कपाटाची किल्ली मालकापुढं ठेवायची,
असं शरयूला सांगितलं तेव्हा
तिनं भाकरी उलटली अन् विचारलं,
"पंच्याऐंशीपर्यंत जगलास तर?"
पस्तीस वर्षं. महिन्याला एक किराणा यादी,
म्हणजे चारशे वीस.
आकडा ऐकून दोघंही हसलो, मग गप्प झालो.

वहीच्या मागच्या पानावर मांडत बसलो:
तीन वर्षांचा खर्च हाताशी, पोस्टात.
बाकी सरकारी रोखे, विमा, जरासं सोनं.
शेअरमध्ये पाचातला एक हिस्सा,
बुडाला तरी चूल न विझवणारा.
महागाई मी सहा टक्के धरली होती.
शरयूनं खोडून साडेसात केली.
भाजी ती आणते.

भूपाल म्हणतो, "अठरा टक्के, भावा!
तू सातावर काय बसलायस?"
बसलोय खरा.

पाचच्या सालचं पाणी आलं तेव्हा मी नवखा होतो.
मालकाच्या भावाची सगळी हळद
एका रांगेतल्या पेवांत.
जुगार नव्हता तो. पेव हीच तर राखणीची जागा,
आज्यापासून कोरडी राहिलेली.
पाणी ओसरल्यावर कितीतरी दिवस
जेवताना वास यायचा.
आणि सासऱ्यांची ठेव अडकली त्या पतसंस्थेच्या
पाटीवर अजून 'विश्वास' एवढंच वाचता येतं.
म्हणून पोस्ट वेगळं, बँका दोन,
आणि तरीही रात्री दोनला जाग.

पन्नाशीनंतर काय करणार, विचारतात.
संगमावर जाईन. बसेन. पुढचं माहीत नाही.

या महिन्यापासून पगाराला हात लावत नाही.
वहीतल्या आकड्यावर जगून बघतोय.
आज एकोणतीस. डब्यात दोनशे दहा रुपये.
शरयू म्हणते, गॅस उद्या संपेल.

मी दोरी आणखी थोडी सोडतो.