हातमोज्यातली पिन

बुधवार. सहाला पाच कमी.
तुर्कूच्या खालच्या बेटांत मेअखेरचा सूर्य
अजून दुपारच आहे असं समजून बसलेला.
रेषेमागे आमच्या सात होड्या घुटमळतायत,
लग्नघरात पंगत उठायची वाट बघणाऱ्यांसारख्या,
एकमेकींना न टेकता, पण नजर रिकाम्या जागेवर.

तेवढ्यात टोरोल्फ ओरडतो पाण्यावरून:
"शॅकलची पिन आहे का गं जास्तीची? सहा मिलिमीटर!"

चार वर्षं हा माणूस मला हरवतोय,
दर वेळी एका नाळेने, फार तर दीड.
मी पिन लोकरी हातमोज्यात घातली,
मोजाच्या तोंडाला बूच बांधलं,
आणि भिरकावली.

त्याने आकडीने उचलली. आभार नाहीत.
इथे पाण्यावर कुणी आभार मानत बसत नाही,
तेवढ्यात वारा निघून जातो.

एका नाळेने जिंकला.
माझ्या पिनेवर ताणलेलं त्याचं शीड
मी मागून बघत होते पूर्ण पाऊण तास.
कौतुकाने, असं नाही म्हणणार.

पुढच्या बुधवारी मी खडकावर चढले.
तो खडक नकाशात आहे.
मी नकाशावर बसले होते.
कण्याखालून आवाज आला
दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा,
कानांत नाही, कवटीत.

टोरोल्फ सगळ्यांच्या पुढे. शेवटचा बोया वळून
सरळ धक्क्याकडे, पाठीवर वारा घेऊन.
कप म्हणजे पोचे पडलेली तांब्याची किटली,
नऊ वर्षं आउनेच्या फडताळात पडून आहे
आणि नऊ वर्षं त्याला ती हवी आहे.

मग त्याचं शीड खाली आलं.
मला वाटलं, पिन तुटली.
माझीच.
पण होडी वळली, आणि नाळ माझ्याकडे.

त्याच्या मागून आउने, शाळेची बस चालवते ती,
दोन भाचे आणि पेन्टूला घेऊन,
ज्या पेन्टूला वजनामुळे एरवी कुणी होडीत घेत नाही.
त्या संध्याकाळी सहा होड्यांतून हाका:
"पेन्टू, आडकाठीवर! पेन्टू, अजून टोकाला!"
तो चढला राजासारखा,
टोकाला जाऊन लोंबकळला,
माझी होडी कुशीवर कलली,
आणि दोराच्या तिसऱ्या हिसक्याला
खडकाने मला सोडलं.

धक्क्यावर साइमी, पूर्वी औषधांचं दुकान होतं तिचं,
मांडीवर घोंगडी, हातात भोंगा.
शेवटच्या रेषेवर कुणीच आलं नाही, अर्धा तास.
मग सातही आलो, एकामागे एक, दोराने बांधलेले.
भोंगा कुणासाठी वाजवायचा ते तिला ठरवता येईना,
म्हणून तिने तो एकदाच वाजवला, खूप लांब,
आणि वहीत लिहिलं: निघाले सात. खडकापाशी सात.

मी टोरोल्फला विचारलं, का वळलास.
म्हणाला, "वारा पडतच होता."
त्याच वेळी वाऱ्याने त्याची टोपी
डोक्यावरून उचलून थेट पाण्यात टाकली.
आम्ही दोघांनी टोपीकडे पाहिलं.
विषय संपला.

शनिवारी हातमोजा माझ्या सुकाणूच्या मुठीवर अडकवलेला.
आत पिन, नवी.
आणि अंगठ्याला जुनं भोक होतं
ते पिवळ्या लोकरीने बुजवलेलं,
टाके जाड, शीड शिवतात तसे.
त्याच्या घरात विणणारं कुणी नाही
तीन हिवाळे झाले.
मी ते टाके मोजले नाहीत.
बरेच होते.

मग पुन्हा बुधवार.
दुसऱ्या बोयापाशी मी त्याच्या आणि बोयाच्या मध्ये घुसले,
हातभर जागेत. हातभरही नसेल.
त्याने लाल झेंडा वर केला.
तक्रार. नियमाप्रमाणे. बरोबर होता.

दंडाचे दोन वळसे घेतले मी.
त्याला फिनिशमध्ये शिव्या दिल्या,
त्या पुरेनात म्हणून त्याच्या स्वीडिशमध्ये,
मुद्दाम मोठ्याने.
त्याने मागे वळून एका शिवीचं व्याकरण सुधारलं
आणि निघून गेला पुढे.

गार होतं. वारा वाढत होता.
बोटं बधिर झालेली
अंगठा सोडून.