टाकीला कान

काकीनं आयुष्यात थेंब घेतला नाही.
गळ्यात माळ.
तरी पिंपळनेरच्या आमच्या शेडमध्ये
वाइन कधी काढायची, ते तीच सांगते.

भिकनदा काचेच्या नळीत मोजतो,
वहीत आकडे, तारखा, खाडाखोड.
ती पदर खोचते,
स्टीलच्या टाकीला कान लावते
गाभण गाईच्या कुशीला लावावा तसा.
"आजून बोली ऱ्हायनं," म्हणते.
आम्ही थांबतो.

बाहेर छाटून टाकलेल्या काड्या,
बाजरीच्या भाकरीखाली त्याच जळतात.

मंगळवारी ती बराच वेळ तशीच उभी.
गालावर थंड पत्र्याचा गोल ठसा.
"चूप व्हयी गयं."

भिकनदा बटणाकडे वळला
तर मागून हळूच:
"मोटार सावकाश लाव रे."