फोन मीच केला होता

फोन मीच केला होता,
हे आधीच सांगून टाकतो.

रुवेदा सालीच्या अंगणात पूर्वी हिरवळ होती,
किकुयू गवताची, माझ्यासारखीच,
म्हणजे गल्लीत सगळ्यांसारखीच.
मिचेल्स प्लेनची ही भुरभुरती पांढरी वाळू
झाकायची कशी, एवढाच तेव्हा प्रश्न.
केपटाऊनातून उचलून आम्हाला इथे आणून टाकलं
तेव्हा ती वाऱ्याबरोबर भातात यायची,
तान्ह्याच्या कानात यायची.
आई म्हणायची, ही जमीन नव्हे रे, शिक्षा आहे.

मग तो दुष्काळ.
माणशी पन्नास लिटर,
अंघोळ दोन मिनिटं, तीही बादलीत उभं राहून.
गवत आधी पिवळं पडलं, मग गोणपाट झालं.
मी सरळ सिमेंट ओतलं.
बावीस पोती, तीन रविवार, काम खलास.
तिने गवत उपटलं
आणि वाळू उघडीच ठेवली,
जखमेची पट्टी काढून वारा लागू द्यावा तशी.

तीस वर्षं कारखान्यात कॉलरी जोडलेली बाई,
आता गुडघ्यांवर बसून वाळूत काड्या खोचायची
टाके घालावेत तशा, अंतर मोजून.
"काय लावतेस?"
"लावत नाही, परत बोलावतेय."
मी हसलो. भिंतीअलीकडून हसायला काय लागतं.

काही बियांना म्हणे नुसत्या पाण्याने जाग येत नाही.
धूर लागतो.
रान पेटल्याचा वास आला
की त्यांना कळतं, वर जागा झालीय.
तर ही जुन्या तेलाच्या डब्यात
वाळलेलं बोरू जाळायची,
नळीने धूर प्लास्टिकच्या तंबूत,
तंबूत बियांची तबकं,
आणि उरलेला धूर माझ्या वाळत घातलेल्या शर्टांत.
चार दिवस.
शिवाय भिंतीला लागून पुरुषभर उंच एक झाड,
मजल्यामजल्याने नारिंगी फुलं, थेट दीपमाळ.
त्याला इकडे रानडाखा म्हणतात
आणि डाखा म्हणजे गांजा,
हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक.

संशय नव्हता मला.
चीड होती.
दुपारी माझं सिमेंट तव्यासारखं तापायचं
आणि पलीकडे काहीतरी गुणगुणत असायचं.

सार्जंट नोमाखाया आली,
डब्यात डोकावली, शिंकली.
एक पान चुरगळून नाकाशी नेलं
आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.
"आमची आजी हे खोकल्याला उकळायची," म्हणाली,
"कडू जहर. एक फांदी मिळेल?"
फांदी व्हॅनमधून गेली,
पुढच्या सीटवर, पट्टा लावून.

त्यानंतर शिंजीर यायला लागला.
फुलाला लटकायचा, चोच आत घालायचा.
चोच अशी बेताची वाकडी
की वाटावं, रुवेदानेच माप घेऊन बेतलीय.

आणि जूनमध्ये, थंडीतल्या पावसानंतर,
ज्या कोपऱ्यात तिने काहीच पेरलं नव्हतं
तिथे वाळूतून एक जांभळं फूल वर आलं.
एकच. करंगळीएवढं.
तिने मला हाक मारून दाखवलं.
म्हणाली, "हा कंद खालीच होता, डेस्मंड.
आपण आलो तेव्हाही."

तेव्हापासून मनात एक खडा टोचतोय.
आम्हाला जागा व्हावी म्हणून
बुलडोझर इथे आधी कुणावर तरी फिरले होते.
आई गेली. तिला हे सांगायचं राहिलं.
सांगून तरी ती काय म्हणाली असती,
भात झाक आधी, म्हणाली असती.

काल रुवेदाने भिंतीवरून दह्याचा डबा दिला,
आत तीन रोपं, सुईत ओवता येतील इतकी बारीक.
"जास्त पाणी घालू नकोस.
आणि धुराचा त्रास झाला तर
फोन कशाला? हाक मारायची."

मी डब्याकडेच बघत राहिलो.
"सिमेंटमध्ये कुठे लावू?"
"ते तुझं तू बघ."

छिन्नी सापडलीय.
हातोडा मुलाकडे आहे,
शनिवारी आणतो म्हणालाय.