गाडी डावीकडे जाते

ढाकटेकाकांनी गाडी विकताना सगळं सांगितलं:
टायर दोन वर्षांचे, विमा मार्चपर्यंत,
मागची काच जरा जोर लावून चढवायची.
गाडी डावीकडे ओढते, तेवढं राहिलं.
त्यांना ठाऊकच नसेल कदाचित.
अकरा वर्षं अंबाझरीच्या फॅक्टरीत जाता-येता
त्यांचे हात न सांगता उजवीकडे राहत असतील.

मला पहिल्याच दिवशी कळलं, वर्धा रोडवर.
पकड सैल केली की बोनेट हळूच रसवंतीकडे.
आणि व्हरायटी चौकात, सिग्नल सुटताना
उजवीकडे स्टिअरिंग फिरवलं, तर
काटा आठशेवरून पाचशे, तीनशे,
एक उचकी, आणि बंद.
मागून ऑटोवाला:
"ओ मॅडम, घरी सांगून आल्या का?"

नव्हते आले.
गाडी घेतली हेच घरी सांगितलं नव्हतं.
मेयोच्या लॅबमागे, सायकल स्टँडच्या भिंतीला
खाकी कव्हर घालून ठेवायची
आणि साडेपाचला सिटी बसने परत.

चार मेकॅनिकांनी चार रोग काढले.
एक म्हणाला थ्रॉटल बॉडीत कचरा, एक म्हणाला पंप,
तिसऱ्याने प्लग बदलले आणि जुने पिशवीत घालून दिले,
चौथा म्हणाला, विकून टाका.
मी रोज लोकांचं रक्त काचेवर पसरते,
रिपोर्ट आल्याशिवाय औषध घेऊ नका म्हणते,
आणि इथे मुकाट्याने पैसे मोजत होते.

देवचंद नंदनवार, गोळीबार चौकाच्या मागे.
मे महिना, पत्र्याची शेड, ओल्या पोत्यात गुंडाळलेला माठ.
त्याने आधी काहीच उघडलं नाही.
स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला,
डोळे समोरच्या दुकानाच्या पाटीवर.
"एसी लावा."
काटा थोडा चढला.
"बंद करा. आता फिरवा, पुरं."
मेली.
"पाहा न ताई. एसीचं ऐकून राहिली,
स्टिअरिंगचं नाही ऐकत."

मग तो हात घालून काहीतरी शोधत राहिला, बराच वेळ.
"इंजिन चांगलं आहे. पंपही चांगला.
वळताना पंपाले जोर लागते, तो इंजिनातून घेते.
म्हणून एक वायर जाते, आधी सांगाले,
का बा मी वळून राहिलो, थोडी ताकद वाढव.
थे वायर उंदरानं खाल्लं.
कोणी सांगतच नाही, तर इंजिन का करन बिचारं?"

हिरवी वायर, दोन बोटं लांब, दातांच्या खुणा.
मी माठाकडे गेले. पाणी प्यायले.
पुन्हा एक ग्लास भरला.

"डावीकडची ओढ अलग आहे," तो मागून म्हणाला
आणि खिळ्यावरची दोरी काढली.
पिळलेलं सूत, हाताळून काळं पडलेलं.
मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणून
तो उकिडवा बसला, एक डोळा मिटून.
"बापाचा माग भंगारात गेला, हे राहिलं.
मशीनवाला सहाशे घेते आणि हेच सांगते."
पान्ह्याने टाय रॉड फिरवला,
पुन्हा सूत, पुन्हा पाव आटा.
पोराने तोवर वायर जोडली, टेप गुंडाळली.
तीनशे दहा रुपये. दहा त्याने सोडले.

शेडमध्येच उभ्या उभ्या स्टिअरिंग पुरं फिरवलं.
काटा खाली बघून आला,
थबकला,
आणि नऊशेला जाऊन बसला.

रस्ता सरळ होता, गाडीही सरळ.
माझे हातच महिन्याभराच्या सवयीने
उजवीकडे ओढत होते. डिव्हायडरला घासता घासता वाचले.
स्कूटरवाला वळून वळून शिव्या देत गेला,
बरोबरच होतं त्याचं.

कव्हर मागच्या सीटवर, घडी न केलेलं.
अग्रसेन चौक गेला.
मेयोचं वळण आलं,
मी सरळ गेले.